माझ्या खुणेच्या बाटल्या

आमच्या कामात दिवसभर एका जागी स्वस्थ बसावं लागतं, आणि मला नेमकं तेच येत नाही. समोर काचेच्या कपाटासारखं टेबल असतं, त्यातून गाळलेली हवा सतत अंगावर येते. त्या हवेत हात घालून केळीची बोटाएवढी रोपं कापायची आणि नव्या बाटलीत लावायची. बोलायचं नाही, कारण बोललं की तोंडातले कण उडतात. पाय हलवायचे नाहीत, कारण स्टूल करकरतं आणि मॅडम मान वर करून बघतात. लहानपणी आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी आहे. त्या भिंगरीला मी गेली कित्येक वर्षं स्टुलाच्या दांडीवर दाबून धरलेलं आहे.

आमची प्रयोगशाळा लोणी काळभोरच्या पुढे, सोलापूर रस्त्यापासून जरा आत आहे. मी राहते कोथरूडला. म्हणजे सकाळी हडपसरपर्यंत बस आणि तिथून कंपनीची गाडी. कुणी विचारलं की एवढ्या लांब कशाला जातेस, तर मी सांगते की वनस्पतिशास्त्रात पदवी घेऊन पुण्यात आलेल्या बाईला जवळपास फक्त शिकवण्या मिळतात, आणि दुसऱ्यांच्या मुलांवर ओरडण्यापेक्षा केळीपुढे गप्प बसणं बरं.

काम सांगायला सोपं आहे. एका चांगल्या, निरोगी केळीच्या कंदातला कोंब घ्यायचा, तो निर्जंतुक करून बाटलीत लावायचा. बाटलीत तळाला साखर आणि क्षार घातलेली घट्ट जेली असते. तिच्यावर त्या कोंबाला आजूबाजूनं पिल्लं फुटतात. ती सुटी करून पुन्हा नव्या बाटल्यांत लावायची, त्यांनाही पिल्लं फुटतात, आणि असं करत करत एका केळीची अख्खी बाग होते. अडचण एवढीच की ती गोड जेली केळीला जशी आवडते तशी जंतूंनाही आवडते. एखादा जंतू आत गेला की त्याची चंगळ होते. म्हणून टोप्या, मास्क, स्पिरिट, ज्योतीवर तापवलेले चिमटे, आणि हात धुणं. बांगड्या नाहीत, नेलपॉलिश नाही, मंगळसूत्र अॅप्रनच्या आत.

प्रत्येक बाई आपल्या बाटलीच्या झाकणावर आपली खूण करते. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण फुली मारते. ती लोणीचीच, तिचं शेतही तिथेच. कुणी त्रिकोण काढतं, कुणी ठिपका. माझी खूण अर्धं वर्तुळ, कारण पूर्ण वर्तुळ काढायचा मला कंटाळा येतो. खुणा कशासाठी, तर काही दिवसांनी बाटल्या तपासताना एखादीत बुरशी किंवा जंतू दिसला, तर तो कुणाच्या हातून गेला हे कळावं म्हणून. आमच्याकडे बाईची किंमत तिच्या खुणेवरून ठरते. ज्या खुणेच्या बाटल्या स्वच्छ राहतात तिला म्हणतात, हात चांगला आहे. माझा हात चांगला होता. हे मी स्वतः सांगते आहे, पण खोटं नाही.

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या बाटल्या बिघडायला लागल्या.

बुरशी असती तर कापसासारखी वाढून एका दिवसात दिसली असती. हे तसं नव्हतं. रोपाच्या बुडाशी, जेलीत, पातळ दुधासारखी धूसर कड यायची. बाटली उजेडासमोर तिरकी धरली तरच दिसायची. एका नव्या जातीच्या केळीवर आम्ही तेव्हा काम करत होतो आणि त्या केळीच्या बाटल्यांत, फक्त अर्ध्या वर्तुळाच्या खाली, ती कड यायची. फुलीच्या बाटल्या स्वच्छ. ठिपक्याच्या स्वच्छ. त्रिकोणाच्या तर आरशासारख्या.

गंमत म्हणजे रोपं आजारी दिसत नव्हती. पानं हिरवीगार, मुळं चांगली. पण आमच्याकडे नियम साफ आहे. कड दिसली की बाटली न उघडता वाफेच्या भांड्यात जाते, आतल्या रोपासकट. रोज सकाळी ट्रॉलीवर माझ्या खुणेच्या बाटल्या रांगेनं उभ्या असायच्या आणि सगळ्या बायका त्यांच्या बाजूनं जाताना बघत नसल्यासारखं करायच्या.

मॅडमनी मला बोलावलं. मॅडम म्हणजे आमच्या प्रमुख. सदाशिव पेठेत वाढलेल्या, आवाज कधीही न चढवणाऱ्या.

"आपण हात धुता ना?" त्यांनी विचारलं. "की नुसते ओले करता?"

"धुते, मॅडम."

"मग आणखी धुवा. पाण्याची टंचाई अजून जाहीर झालेली नाही."

मॅडम दुष्ट नव्हत्या, हाच त्रास होता. दुष्ट असत्या तर मनातल्या मनात चार शिव्या घालून मी मोकळी झाले असते. पण त्यांचं गणित बरोबर होतं. केळी तीच, जेली तीच, हवा तीच, वेगळे फक्त हात.

मी हात धुवायला लागले. साबणानं, मग ब्रशनं, मग स्पिरिटनं, मग पुन्हा शंका आली म्हणून साबणानं. बोटांच्या पेरांवरची कातडी फाटली. मैत्रिणीनं डब्याच्या सुट्टीत माझे हात बघितले आणि म्हणाली, "आगं, आसं खरडून काय हुनार हाय? तुझ्या हातात उष्णता आसंल. माझ्या जावंच्या हाताचं लोणचं बी टिकत न्हाय." तिला मला बरं वाटावं असं वाटत होतं. पण माझी तुलना तिच्या जावेच्या नासक्या लोणच्याशी झाली आहे, हे दुपारभर माझ्या डोक्यातून गेलं नाही.

त्याच सुमारास आई माझ्याकडे आली. आई वऱ्हाडात एकटी राहते. तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशन कोथरूडलाच करायचं ठरलं. ऑपरेशन छान झालं, डॉक्टरांनी काळा चष्मा दिला, आणि थेंबांची बाटली माझ्या हातात देऊन म्हणाले, "पुढचे काही आठवडे दिवसातून बऱ्याच वेळा घालायचेत. हात मात्र स्वच्छ हवेत. डोळा अजून ओला आहे, इन्फेक्शन झालं तर पस्तावाल." सगळ्यांनाच सांगत असणार ते. मला वाटलं त्यांना कुणीतरी माझ्याबद्दल सांगितलंय.

पहिले काही दिवस मी थेंब घातले. सकाळी निघण्याआधी आणि संध्याकाळी आल्यावर मी, मधले नवऱ्यानं. त्याचं काम घरूनच चालतं. आई पलंगावर आडवी व्हायची, चष्मा काढायची आणि छताकडे बघत म्हणायची, "टाक व." तिच्या डोळ्याच्या कोपऱ्यात सकाळी थोडी पिवळट घाण जमलेली असायची. मी ती कापसानं पुसायचे. 

मग पहिल्या चाचणीचा निकाल आला.

मॅडमनी माझ्या एका बाटलीतली ती धूसर कड तारेच्या टोकावर घेऊन दुसऱ्या जेलीवर ओढली होती, पुन्हा पुन्हा ओढून एकच जंतू वेगळा केला होता. सूक्ष्मदर्शकाखाली तो आखूड काडीसारखा दिसला. कातडीवर राहणारे नेहमीचे जंतू गोल असतात, म्हणून मला क्षणभर हायसं वाटलं. मग त्याचं एकच जनुक वाचून घेतलं. ही चाचणी म्हणजे माणसाला त्याचं आडनाव विचारण्यासारखी असते. आडनाव कळलं. मॅडमनी कागद माझ्याकडे सरकवला आणि पहिल्यांदाच त्यांना शब्द सापडायला वेळ लागला.

"या कुळातले काही जंतू झाडांत राहतात," त्या म्हणाल्या. "आणि काही माणसाच्या आतड्यात."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. आतड्यातला जंतू हातावर कुठून येतो हे समजायला पदवी लागत नाही. मी तिथे उभी होते आणि माझे कान तापत होते. चाळिशीला आलेल्या बाईवर, संडासातून आल्यावर हात धुत नाही असा संशय, आणि तोही इतक्या सभ्यपणे. त्या दिवशी टेबलावर बसल्यावर मला वाटत होतं की माझ्या पाठीमागे सगळ्या खोलीला ते कळलं आहे.

घरी आले. आई पलंगावर आडवी होऊन वाट बघत होती. मी थेंबांची बाटली उचलली, माझ्या हातांकडे बघितलं आणि नवऱ्याला हाक मारली.

"तू घाल."

"का?"

"घाल म्हटलं ना."

तो उठून आला. आई ताडकन उठून बसली आणि तिनं पदर डोक्यावर ओढला. आमच्याकडे सासू जावयापुढे अशी उताणी पडत नाही. दुपारचे थेंब त्यानं घातले की ती खुर्चीत ताठ बसून, पदर दातात धरून घ्यायची आणि अर्धे थेंब गालावर सांडायचे, हे मला ठाऊक होतं. तरी मी स्वयंपाकघरात निघून गेले आणि नळ सोडला. मागून तिचा आवाज आला, "टाका, जवाईबापू." एवढंच.

त्यानंतर कित्येक आठवडे मी एकदाही थेंब घातले नाहीत. नवऱ्याला मी कारण सांगितलं, पण आईला सांगू नको अशी शपथ घातली. परक्या गावात, बंद डोळ्यानं पडलेल्या बाईला कशाला घाबरवायचं? लेकीच्या हातावर काय आहे हे तिनं ऐकलं असतं तर तिला रात्रभर डोळा चुरचुरला असता. कणीकही मी चमच्यानं कालवायला लागले. नवरा म्हणाला, "अगं, एवढा जंतू तुझ्या हातावर असता तर आपण दोघं कधीच वर गेलो असतो." मी म्हटलं, "जाशील, घाई काय आहे."

कड येणं थांबत नव्हतं. शेवटी मॅडमनीच ठरवलं. "आडनावावरून माणूस ओळखता येत नाही," त्या म्हणाल्या. "पूर्ण जीनोम, त्याची सगळी जनुकं, वाचून घेऊ. म्हणजे तुम्हालाही कळेल आणि मलाही." तोवर मला रोपांच्या टेबलावरून उठवून बाटल्या धुण्याच्या विभागात बसवलं. निकाल माणसाचा लागला तर तिथेच राहायचं, हे न बोलता ठरलं होतं.

जंतूचा डीएनए काढताना मी मॅडमच्या शेजारी उभी होते. गढूळ द्रावातले जंतू फोडून, साफ करून, शेवटी थंड अल्कोहोल ओतलं की नळीत पांढरा, कोळ्याच्या जाळ्यासारखा धागा तरंगायला लागतो. माझी सगळी अब्रू त्या धाग्यात होती. बर्फाच्या डब्यात घालून ती नळी मी स्वतःच खराडीला घेऊन गेले. कुरियरवर माझा विश्वास नव्हता, आणि खरं तर बसून राहणं शक्य नव्हतं.

खराडीत काचेच्या एका उंच इमारतीत ते वाचनाचं काम चालतं. खाली सुरक्षारक्षकानं डबा उघडायला लावला. "काय आहे?" मी म्हटलं, "जंतू." त्यानं हात मागे घेतला. "मेलेले आहेत," मी म्हटलं, तरी त्यानं मला मालाच्या लिफ्टनं पाठवलं. वर एका मुलीनं नळी घेतली, सही घेतली आणि म्हणाली की वेळ लागेल.

तो वेळ कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी कुठेच नीट नव्हते. बाटल्या धुताना फोन अॅप्रनच्या खिशात थरथरल्यासारखा वाटायचा, बघितलं तर काही नसायचं. बसमध्ये जागा मिळाली तरी मी उभी राहायचे. घरी आले की सोसायटीच्या पार्किंगमधून चकरा मारायचे, इतक्या की सचिवांनी विचारलं, "वहिनी, काही हरवलंय का? नसेल तर गाड्यांना हात न लावता चाला, अलार्म वाजतात." नवरा म्हणायचा, पी हळद आणि हो गोरी असं होत नसतं. मला माहीत होतं. इतकी वर्षं दुसऱ्यांना मीच ते सांगत आले होते.

मनात एकच प्रश्न घोळत होता आणि तो मी कुणाला विचारू शकत नव्हते. निकाल माझ्याविरुद्ध लागला तर? नोकरीचं एक बाजूला, पण मग मी माझ्या हातांचं काय करायचं? तेच हात घेऊन घरी यायचं, त्यांनीच पोळ्या लाटायच्या, आणि आईच्या डोळ्यापासून कायम लांब राहायचं?

आई या काळात फार बोलत नव्हती. मला वाटलं, डोळ्यामुळे. संध्याकाळी मी आले की ती उठून बाल्कनीत जाऊन बसायची. एकदा मी तिच्या उशीचा अभ्रा बदलायला गेले तर तिनं उशी स्वतःकडे ओढली. "राहू दे. मी करते माह्यं." मी चिडले. म्हटलं, ऑपरेशन झालंय, वाकू नको. ती म्हणाली, "वाकाले कोण चाललं," आणि अभ्रा घेऊन बाथरूममध्ये गेली. तो तिनं स्वतःच धुतला, एका डोळ्यानं, हातानं साबण चाचपत. मी दारात उभी राहून तिच्यावर ओरडले आणि मग पुन्हा पार्किंगमध्ये चालायला गेले.

निकालाचा मेल आला तेव्हा त्यात एवढी अक्षरं आणि आकडे होते की मला धड एक ओळही कळेना. मॅडम माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्हाला चैन पडणार नाहीच. जाऊन समजून घेऊन या." मी त्याच दिवशी पुन्हा खराडीला गेले.

तीच मुलगी होती. तिनं पडद्यावर एक वंशवृक्ष उघडला, फांद्याच फांद्या.

"हे बघा मॅम, हे ह्यूमन गटवाले सगळे इथे वर. आणि तुमचा हा, इथे खाली. प्लांटवाल्यांमध्ये. क्लिअरली वेगळा आहे."

"म्हणजे माणसाचा नाही?"

"बेसिकली नाही."

"बेसिकली म्हणजे काय? आहे की नाही?"

ती दचकली आणि मग हसली. "नाही, मॅम. नाही म्हणजे नाही."

मग ती मला त्याचा संसार दाखवायला लागली. आतड्यात राहून माणसाला त्रास देणाऱ्या त्याच्या भाऊबंदांकडे जी जनुकं असतात, ती याच्याकडे नव्हती. उलट झाडाच्या पेशींमधून वाट काढायची, मुळं वाढवणारं द्रव्य बनवायची, हवेतला नायट्रोजन पकडून झाडाला द्यायची जनुकं होती. आडनाव विचारून जे कळलं नव्हतं ते घरात शिरून मांडणीवरची भांडी बघितल्यावर कळावं, तसं ते होतं. "हा छान सेटल्ड आहे केळीत," ती म्हणाली. "असे असतात. बाहेरून कितीही धुतलं तरी जात नाहीत, कारण ते बाहेर नसतातच."

मी तिथल्या स्वच्छतागृहात जाऊन रडले. मग सवयीनं हात धुतले आणि स्वतःचाच राग आला.

मला वाटलं होतं मॅडम माफी मागतील. मॅडमनी अहवाल शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "जंतू केळीचा आहे, मान्य. मग तो तुमच्याच बाटल्यांत का? बाकीच्या बायका काय प्लॅस्टिकची केळी लावतात?"

संताप आला. पण प्रश्न चुकीचा नव्हता, आणि तेच जास्त झोंबलं. जीनोमनं जंतूचं घर सांगितलं होतं, पण तो माझ्याच दारात का उभा राहतो हे त्याला विचारून कळणार नव्हतं. मॅडमनी मला परत टेबलावर बसवलं आणि स्वतः स्टूल ओढून माझ्या मागे बसल्या.

"कापा. रोज कापता तसं."

मी बाटली उघडली, पिल्लांचा झुबका बाहेर काढला, एक पिल्लू सुटं केलं, काळं पडलेलं बूड पात्यानं काढलं आणि नव्या जेलीत लावलं. दुसरं घेतलं.

"थांबा. हे खाली काय ठेवलंत?"

"कंद."

"एवढा?"

मी शेजारी बघितलं. मैत्रीण पिल्लाचं बूड पांढरंशुभ्र होईपर्यंत छाटत होती, पेन्सिलीला टोक काढावं तसं. मी प्रत्येक पिल्लाखाली जुन्या कंदाची एक जाडसर चकती ठेवत होते. कुणी शिकवलं होतं मला हे? इथे तर नाही. इथे शिकवलेलं मी पहिल्या महिन्यात केलं असणार, आणि मग हात आपल्या वळणावर गेला असणार.

आमच्या वऱ्हाडातल्या घरामागे न्हाणीच्या पाण्यावर केळी होत्या. आई सब्बल, म्हणजे पहार, घेऊन पिल्लं सुटी करायची आणि मी ती धरायचे. मी घाईनं पिल्लू ओढलं की ती ओरडायची, "अवं, मायचा तुकडा राहू दे संगं थोडासा. उघडं करून नोको लावू." मी तेव्हा फ्रॉकमध्ये असेन. मला ते वाक्य आठवत होतं, पण ते अजून माझ्या बोटांत आहे हे मला माहीत नव्हतं.

मॅडमनी मग एक साधी गोष्ट केली. सगळ्या बायकांनी त्या दिवशी छाटून टाकलेली बुडं, फुलीची, ठिपक्याची, त्रिकोणाची, वेगवेगळ्या बशांतल्या जेलीवर ठेवली. तीही स्वतःच्या हातानं, माझा हात कशालाच लागू न देता. तीन-चार दिवसांनी त्यांनी मला बोलावलं आणि एकेक बशी उजेडासमोर धरली. सगळ्यांत तीच धूसर कड. तो जंतू त्या नव्या जातीत मुळातच होता, सगळ्यांच्याच केळीत. बाकीच्या त्याचं घर छाटून टाकत होत्या, मी ते त्याला ठेवत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसं मला वाटत आलं होतं, पण इथे चोरच नव्हता.

"उद्यापासून कंद कमी ठेवा," मॅडम म्हणाल्या. "आपल्याला बाटलीत स्वच्छ रोप लागतं. या पाहुण्याचं पुढे काय करायचं ते मी बघते, कामाचा दिसतो." मी जायला वळले तेव्हा त्यांनी टेबलाच्या खणातून मलमाची ट्यूब काढून माझ्यापुढे ठेवली. "आणि हातांना हे लावा. बघवत नाहीत." दुपारी त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात माझ्या मैत्रिणीला विचारलं, तुमच्या बुडातही जंतू निघाले, कळलं का? मैत्रीण म्हणाली, "आता माझ्याबी लोणच्याचं काय खरं न्हाय." सगळी खोली हसली. माझ्या मते तीच माफी होती, आणि मी ती घेतली.

त्या संध्याकाळी मी बसमध्ये बसले. घरी पोहोचले तेव्हा नवरा फोनवर कुणाशी तरी कामाचं बोलत होता आणि आई खुर्चीत ताठ बसून, पदर सारखा करून त्याची वाट बघत होती. थेंबांची वेळ झाली होती. मी हात धुतले, एकदाच, आणि बाटली उचलली.

"पलंगावर पड," मी म्हटलं. "मी घालते."

ती हलली नाही. "जवाईबापू येतीन ना."

"मी घालते म्हटलं ना."

ती उठली, पलंगापाशी गेली आणि आडवी झाली. मी तिचा चष्मा काढला, कोपरा कापसानं पुसला, पापणी खाली ओढली. थेंब नेमका पडला. ती डोळा मिटून पडून राहिली आणि मग तिनं चाचपडत माझं मनगट धरलं. डोळा उघडला, तो नवा, स्वच्छ डोळा, आणि माझी बोटं त्याच्यासमोर धरली. इतके आठवडे मी ती तिच्यापासून लपवली होती. फाटलेली पेरं, नखांभोवती सोललेली कातडी.

"हे काय झालं व?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, बाटल्या, अर्धं वर्तुळ, आतड्यातला जंतू, मॅडम, खराडी, कंदाचा तुकडा. सांगताना मला हसू येत होतं, कारण आता ते संपलं होतं. तिच्या डोळ्याला काही होऊ नये म्हणून मी हात लावत नव्हते, हेही सांगितलं.  माझी बोटं तिच्या हातात तशीच होती.

मग ती म्हणाली, "मले वाटलं, तुले माह्या डोयाची किळस येते."

मी पलंगाच्या कडेला बसले.

"घाण येते ना त्यातून सकायी. म्हून जवाईबापूले लावलं तुनं, असं वाटलं मले. म्हून मी काही बोलली नाही."

थेंबांची बाटली संपत आली होती. उरले ते सगळे मी घातले.